काशीकरांचें घरपट्टीविरुद्ध धरणें : शके १७३२

इंग्रजी अमलांतील जाचक करांविरुद्ध लोकांनीं हातीं शस्त्र न धरतां जे प्रतिकार केले, त्यांचा विषय निघाला म्हणजे खेडा (१९१८), बारडोली (१९२८) आणि मिठाचा सत्याग्रह (१९३०) हीं प्रकरणें वाचकांच्या मनांत प्रथम उभीं राहतात. तीं सर्वश्रुत असल्यामुळें त्यांविषयीं येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांच्याहि मागें शंभरावर वर्षें जाऊन, श्रीक्षेत्र काशी येथें शके १७३२ च्या पौष-माघांत, म्हणजे इ. स. १८१० च्या डिसेंबरअखेरीपासून १८११ च्या फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत, नव्या घरपट्टीविरुद्ध सबंध शहरानें जें धरणें धरलें त्याची हकीकत व चिकित्सा देणार आहों. या प्रकरणाचे सरकारी कागद धर्मपाल यांनीं १९७१ सालीं आपल्या इंग्रजी ग्रंथांत एकत्र छापल्यापासून ते अभ्यासकांस सुलभ झाले आहेत. हे कागद बहुतेक सर्व प्रतिपक्षाचे आहेत. कलेक्टर, मॅजिस्ट्रेट व कलकत्त्याचें कौन्सिल यांनीं एकमेकांस लिहिलेलीं हीं पत्रें असून त्यांत काशीकरांविषयीं ममत्व शोधूनहि सांपडणार नाहीं. परंतु इतिहासाच्या कामीं शत्रूची साक्ष कित्येकदां मित्राच्या साक्षीहून अधिक मोलाची ठरते. कारण जें त्याला सांगावयाचें नसतें तें तो नकळत सांगून जातो. सरकारनें या प्रकरणास दंगा म्हटलें. तो दंगा नव्हता, ही गोष्ट सरकारच्याच कागदांवरून सिद्ध होते, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

प्रकरणाचा आरंभ असा. कलकत्ता शहरांत घरांवरील कर कांहीं वर्षांपासून घेतला जात होता. लॉर्ड मिंटो गव्हर्नर जनरल असतां कंपनी सरकारनें १८१० चा पंधरावा कायदा करून तोच कर बंगाल, बिहार, ओरिसा व बनारस या प्रांतांतील मुख्य शहरांस लागू केला. सरकारचें उत्पन्न वाढविणें हा उघड हेतु होता. राहत्या घरावर वार्षिक भाड्याच्या शेंकडा ५ आणि दुकानावर शेंकडा १० असा दर ठरला. उपासनेचीं स्थानें मात्र करमुक्त ठेवलीं होतीं. या शेवटच्या कलमाचा काशीकरांनीं पुढें कसा उपयोग करून घेतला तें पाहण्यासारखें आहे. दर कागदावर पाहतां फारसा जड दिसत नाहीं. एवढ्याशा करासाठीं सबंध शहरानें घरेंदारें सोडून उघड्यावर कां बसावें, अशी शंका आजच्या वाचकासहि येईल. तिचें उत्तर काशीकरांनीं सरकारकडे केलेल्या अर्जांत मिळतें. हा अर्ज या सर्व कागदांत आमच्या मतें अत्यंत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यांतील मुद्दे थोडे विस्तारानें सांगतों.

पहिला मुद्दा हक्काचा आहे. पूर्वींच्या बादशहांनीं सरकारचा हक्क, म्हणजे मालगुजारी, रयतेच्या राहत्या घरापर्यंत कधीं पोंचविला नाहीं, मग तें घर वारशानें आलेलें असो वा खरेदीनें; म्हणूनच जमीनदारी विक्रीस निघाली तरी मालकाचें राहतें घर त्या विक्रींतून वगळलें जातें, असें अर्जदार म्हणतात. जमिनीच्या पिकांत राजाचा वांटा आहे, पण चुलीच्या जागेंत नाहीं, असा हा भेद आहे. दुसरा मुद्दा मोबदल्याचा. कर पोलिसाच्या खर्चाकरितां म्हणावा, तर त्या खर्चासाठीं स्टँपाचें उत्पन्न, मालावरील जकात व शहरजकात सरकार आधींच घेत आहे. शिवाय काशींत फाटकबंदीची जुनी चाल होती. मोहल्ल्याच्या तोंडाशीं फाटक असे, तें रात्रीं बंद होई आणि चौकीदाराचा खर्च रहिवासी आपसांत वर्गणी करून भागवीत. आपली राखण आपल्याच पैशानें करणाऱ्या माणसाला, तुझी राखण करतों म्हणून पुन्हां पैसे मागणें त्याला कसें पटावें?

तिसरा मुद्दा वाचून अर्ज लिहिणाराच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. शास्त्राप्रमाणें काशीच्या सभोंवारचा पांच कोसांचा सर्व प्रदेश हेंच एक उपासनास्थान आहे. आणि पंधराव्या कायद्यानें उपासनास्थानें करमुक्त आहेत. तेव्हां काशींत हा कर लागूच होत नाहीं! पंचक्रोशीचें माहात्म्य ज्या वाचकांना ठाऊक आहे त्यांस हा मुद्दा केवळ चमत्कृतीचा वाटणार नाहीं. पण कायद्याच्या शब्दांनींच कायद्याला बांधण्याची ही हातोटी पाहून मॅजिस्ट्रेटसाहेबांची मुद्रा कशी झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. चौथा मुद्दा हिशेबाचा. शहरांत सुमारें ५०,००० घरें आहेत असा अर्जदारांचा अंदाज. पैकीं जवळजवळ तीन हिस्से हिंदु, मुसलमान व इतर पंथांचीं उपासनास्थानें आणि धर्मादाय दिलेलीं घरें. उरलेल्या घरांवरील कर फाटकबंदीच्या खर्चाहून फारसा अधिक भरणार नाहीं. मग एवढ्या उत्पन्नासाठीं इतक्या लोकांना त्रास देणें सरकारच्या दयाळूपणास शोभत नाहीं. पडलेलें घर पुन्हां उभारण्याचें सामर्थ्य ज्यांच्या अंगीं नाहीं असे घरवाले येथें पुष्कळ आहेत, हेंहि ते सांगतात. स्टँप, कोर्टाची फी आणि जकाती वाढत गेल्यानें लहानथोर सर्वच गांजले आहेत, आणि त्यांवर हा कर म्हणजे सोसण्याच्या पलीकडचें ओझें होय, असा एकंदर सूर आहे.

धर्मादाय घरांचा उल्लेख मराठी वाचकाला जवळचा वाटेल. अहिल्याबाई होळकरांनीं बांधलेलें विश्वेश्वराचें देऊळ उभें राहून तेव्हां पुरीं चाळीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. मराठे सरदारांचे वाडे, घाट, अन्नछत्रें यांनीं गंगेचा कांठ भरलेला होता. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूंस दक्षिणी ब्राह्मणांची दाट वस्ती होती, आणि १८०३ नंतर खुद्द अमृतराव पेशवे काशीस येऊन राहिले होते. अर्जांतील तीन हिश्शांत दक्षिणेच्या द्रव्यानें उभ्या राहिलेल्या घरांचा भाग लहान खास नसावा.

येथें एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. राहत्या घरावर पूर्वींच्या राजांनीं कधींच कर घेतला नाहीं, हें अर्जदारांचें विधान सर्व हिंदुस्थानाविषयीं घेतां येणार नाहीं. आमच्याकडे पेशवाईंत घरपट्टी होती, आणि दुकानदार व कसबी लोक यांच्यावर मोहतर्फाहि होता. घरपट्टींतून ब्राह्मण व गांवकामगार यांना बहुधा माफी असे. तेव्हां जुनें राज्य तेवढें सुखाचें आणि करहीन, असें चित्र काढण्याच्या मोहांत इतिहासलेखकानें पडूं नये. काशीकरांच्या तक्रारीचें मर्म निराळें आहे. जुन्या पट्ट्या वहिवाटीनें बसलेल्या, त्यांत सूट-माफीच्या जागा ठरलेल्या, आणि नवी बाब बसवावयाची तर लोकांशीं बोलणें करावें लागे. येथें कलकत्त्याहून एक कायदा छापून आला आणि त्याबरोबर मोजणीदार दाराशीं उभा राहिला. कोणास कांहीं विचारलें नाहीं. अर्जाचा सबंध सूर, आम्हांस विचारावयास हवें होतें, असा आहे.

आतां धरण्याविषयीं. हा शब्द आज मोर्चा-सभांच्या बातम्यांत रोज येतो, त्यामुळें त्याची मूळची धार बोथट झाली आहे. धरणें म्हणजे देणेकऱ्याच्या दाराशीं अन्नपाणी सोडून बसणें. धरणेकरी उपाशी असेपर्यंत घरधन्यानेंहि जेवावयाचें नाहीं. तो मेला तर त्याचें पाप घरधन्याच्या माथीं. मराठी लष्करांत थकलेल्या पगारासाठीं शिपाई सरदाराच्या डेऱ्याशीं धरणें घेऊन बसत. ब्रॉटन या इंग्रजानें १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या छावणींतून लिहिलेल्या पत्रांत ही चाल वर्णिली आहे. काशीचें धरणें तर इंग्रजांना पूर्वींपासून ठाऊक होतें. सर जॉन शोअर यानें त्यावर निबंध लिहिला होता, आणि १७९५ च्या एकविसाव्या कायद्यानें बनारस प्रांतांतील ब्राह्मणांना धरणें धरण्याची बंदी झाली होती. म्हणजे १८१० सालीं काशीकर जें शस्त्र उचलीत होते तें पंधरा वर्षांपूर्वींच बेकायदा ठरलेलें होतें. फरक एवढाच कीं, या खेपेस धरणेकरी एक ब्राह्मण नसून एक शहर होतें, आणि देणेकरी सावकार नसून सरकार होतें. एकट्याला कैद करतां येतें. शहराला कैद करण्याएवढा तुरुंग कोठून आणावा?

मोजणीस आरंभ होतांच गडबड सुरू झाली. २५ डिसेंबर १८१० रोजीं काम पाहणारा मॅजिस्ट्रेट बर्ड यानें कलकत्त्यास कळविलें कीं, लोकांनीं दुकानें बंद केलीं आहेत, नित्याचे धंदे सोडले आहेत, आणि मागण्या तात्काळ मान्य करून घेण्याच्या हेतूनें ते जमावानें माझ्याकडे येत आहेत. थोड्याच दिवसांत शहराबाहेर वीस हजारांहून अधिक लोक धरणें धरून बसले आणि कर उठल्याखेरीज आपण उठणार नाहीं असें सांगूं लागले. लोहार, सुतार, जुलाहे, न्हावी, शिंपी, कहार, नावाडी, सर्व जातींचे व धंद्यांचे लोक त्यांत होते. लोहारांचा यांत विशेष पुढाकार दिसतो. त्यांनीं शहरांतील लोखंडी हत्यारें ताब्यांत घेतलीं, म्हणजे कोणाच्या मनांत काम करावयाचें आलें तरी हातांत कांहीं असूं नये. प्रांतांतील गांवोगांव धर्मपत्री पाठविण्यांत आल्या. प्रत्येक कुटुंबांतून एका माणसानें काशीस येऊन बसावें असा त्यांतील मजकूर होता. त्याप्रमाणें हजारों लोहार, कुणबी व कोयरी आपलीं घरें सोडून आले.

एका इंग्रज अधिकाऱ्यानें पुढें लिहून ठेविलेल्या वर्णनांत असें आहे कीं, हा जमाव बेबंद गर्दीसारखा नव्हता. प्रत्येक जात व प्रत्येक धंदा यांची बसण्याची जागा निराळी ठरलेली होती, प्रत्येकाचा कारभार त्याची पंचायत पाही, आणि कोणी गैरवर्तन केलें तर शासनहि तीच करी. महिन्याहून अधिक काळ सरकारचा अंमल जणू तहकूब झाला असतां शहरांत पूर्ण शांतता होती, हें त्याचेंच म्हणणें. हातावर पोट असणाऱ्या लोकांचें या दिवसांत कसें चालले, याचाहि उलगडा बर्डच्या पत्रांत होतो. सर्व वर्गांच्या लोकांनीं ऐपतीप्रमाणें वर्गणी दिली, आणि त्या रकमांतून रोजमजुरी बुडालेल्या कुटुंबांचा निर्वाह झाला. ज्या शहरानें फाटकबंदीच्या वर्गणीचा हिशेब वर्षानुवर्षें ठेवला होता, त्याला ही गोष्ट नवीन नव्हती. धरण्याचें खरें बळ आम्हांस येथें दिसतें. जातपंचायत, मोहल्ल्याची वर्गणी, धर्मपत्री हीं सर्व साधनें तयारच होतीं. म्हणूनच सरकारला एखादा पुढारी सांपडेना. बर्ड कटवाल्यांचा शोध करीत राहिला, आणि त्याला सांपडलें तें असें कीं, सगळें शहरच कटांत आहे.

परंतु याच कागदांत दुसरीहि एक बाजू आहे, ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. धरण्यांत जे सामील झाले नाहींत त्यांस दंड व बहिष्कार यांची भीति घालण्यांत आली, आणि नावाड्यांनीं तर फुटणाऱ्यांस उघड धमक्या दिल्या. अंत्यविधि करणारे लोक कामास येईनात, त्यामुळें प्रेतें संस्काराविना तशींच गंगेंत टाकलीं गेलीं, असें बर्ड लिहितो. ज्या क्षेत्रीं मरण यावें म्हणून माणसें दूरदूरच्या देशांहून येऊन राहत, त्या क्षेत्रीं ही स्थिति! हें वाक्य सरकारचें मन वळविण्यासाठीं रंगवून लिहिलें असेल असें क्षणभर मनांत येतें. पण धंदे बंद ठेवण्याच्या शपथा सर्वत्र घेतल्या गेल्या होत्या, आणि डोंबहि शेवटीं शहराचाच एक घटक होता. तेव्हां तें खोटें म्हणण्यास आधार नाहीं. शस्त्र कोणीं उगारलें नाहीं हें खरें. पण प्रत्येक माणूस मनापासून बसला होता असें मात्र म्हणवत नाहीं. जातीच्या ज्या सत्तेनें हें धरणें टिकविलें, त्याच सत्तेच्या धाकानें कांहीं लोक बसले होते. पुढच्या काळांतील सत्याग्रहाशीं या प्रकरणाची तुलना करणारांनीं हा फरक लक्षांत ठेवावा.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. १८०९ च्या ऑक्टोबरांत याच काशींत लाटभैरवाच्या जागेवरून हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला होता. रक्तपात होऊन लष्कर आणावें लागलें होतें. त्या वेळींहि मॅजिस्ट्रेटच्या जागीं बर्डच होता. त्यास पुरतें सव्वा वर्षहि झालें नाहीं तोंच जुलाहे आणि लोहार, मशिदीवाले आणि देवळांवाले, एका मैदानांत बसलेले त्यानें पाहिले, आणि अर्जांत दोघांच्या उपासनास्थानांचा एकाच वाक्यांत उल्लेख वाचला. वैर नाहींसें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण वर्षापूर्वीं एकमेकांचीं डोकीं फोडणारे लोक महिनाभर निःशस्त्र आणि शिस्तीनें एकत्र राहिले, ही गोष्ट दंगा या शब्दांत बसत नाहीं.

कलेक्टरचें २ जानेवारी १८११ चें पत्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्याचा आशय असा: उघड अत्याचार करण्याचा लोकांचा हेतु दिसत नाहीं, उलट आपण निःशस्त्र आहों यांतच आपलें रक्षण आहे, अशा निरुपद्रवी शत्रूवर लष्कर प्राणघातक शस्त्र चालविणार नाहीं, याचीच ते प्रौढी मिरवितात, आणि मुलकी अधिकाऱ्यांना आपणांस उठवितां येत नाहीं व लष्कर उठविणार नाहीं, या भरंवशावर त्यांची संख्या वाढतच आहे. निःशस्त्र प्रतिकाराच्या मर्माचें याहून नेमकें वर्णन त्या काळच्या कागदांत आमच्या पाहण्यांत नाहीं; आणि तें केलें आहे कर वसूल करणारानें, तक्रारीच्या सुरांत! कलकत्त्याच्या कौन्सिलची अडचणहि यांतच होती. लष्कर जवळ सज्ज होतें, पण तें घालावयाचें कोणावर? कौन्सिलनें उत्तर दिलें तें ताठ होतें. कर रद्द करण्यास सबळ कारण दिसत नाहीं, आणि आरडाओरडीस भिऊन तो सोडणें अत्यंत अनुचित होईल, असा त्याचा भावार्थ. त्याबरोबरच धार्मिक कार्याच्या इमारती आणि अगदीं गरिबांचीं घरें यांना सूट देण्याची तयारीहि सरकारनें दाखविली. एका हातानें मूठ आवळून दुसऱ्या हाताचीं बोटें उघडण्याची ही तऱ्हा पुढील शतकभर पुष्कळदां दिसून आली.

शेवट कथा-कादंबरींतल्यासारखा झाला नाहीं. जानेवारी जसजसा सरत गेला तसतसे लोक थकले. सर्वांनीं मिळून कलकत्त्यास चालत जाऊन गव्हर्नर जनरलपुढें गाऱ्हाणें मांडावें असा बेत निघाला, पण तो तडीस गेला नाहीं. अखेर काशीचे राजे उदितनारायणसिंह मध्यें पडले, आणि त्यांच्या शब्दावर फेब्रुवारीच्या आरंभीं लोक घरोघर परतले. कर तेव्हां उठलेला नव्हता. परतणाऱ्यांनीं सरकारास सादर केलेला अर्ज नम्रतेचा, जवळजवळ क्षमायाचनेचा आहे. तेवढ्यावरच थांबलें तर धरणें फसलें असें म्हणावें लागेल. परंतु १८१२ सालीं सरकारनें तो पंधरावा कायदाच रद्द करून टाकला. इतर शहरांतहि तेंच लोण पोंचलें होतें. पाटणा, सारण, मुर्शिदाबाद येथें विरोध झाला, आणि भागलपुरास १८११ च्या ऑक्टोबरांत खुद्द कलेक्टरावर विटा-ढेकळांचा मारा झाला. आपण लोकांपुढें नमलों नाहीं हें दाखविण्यापुरता वर्षाचा अवधि मध्यें जाऊं द्यावा आणि मग उदारपणानें कायदा मागें घ्यावा, असा हा प्रकार आम्हांस दिसतो.

या हकीकतीला पुढें दंतकथेचें रूप कसें येऊं लागलें तेंहि सांगण्यासारखें आहे. बिशप हेबर १८२४ सालीं काशीस आला तेव्हां त्यानें ही गोष्ट ऐकून आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केली. त्यांत धरणेकऱ्यांची संख्या तीन लाखांवर दिली आहे. वास्तविक जेम्स प्रिन्सेप यानें १८२८-२९ सालीं काशीची शिरगणती केली तेव्हां सबंध शहराची वस्ती सुमारें १,८०,००० भरली. शहराहून मोठें धरणें बसणें शक्य नाहीं. आजूबाजूच्या गांवांचे लोक आलेले होते हें खरें. तरीहि आम्ही बर्डच्या वेळच्या वीस हजारांच्या आंकड्यावरच अधिक विसंबूं. हेबरची साक्ष आंकड्यासाठीं न घेतां, चौदा वर्षांनंतरहि काशींत ही गोष्ट लोकांच्या तोंडीं होती, एवढ्यापुरती घ्यावी.

आमच्या मुंबई इलाख्यांतील एक प्रकरण तुलनेसाठीं थोडक्यांत देतों. १८४४ सालीं सरकारनें शहरजकाती उठवून त्याची भरपाई म्हणून मिठावरील कर मणास आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला. ऑगस्टमध्यें सुरतेच्या लोकांनीं दुकानें बंद केलीं, पण जमाव दगडफेकीवर गेला आणि लष्कर बोलवावें लागलें. तरीहि दर बारा आण्यांवर उतरला, आणि ही सूट साऱ्या इलाख्याला मिळाली. चार वर्षांनीं, १८४८ सालीं, बंगाली वजनेंमापें लादण्याचा यत्न झाला तेव्हां त्याच सुरतेनें बाजार बंद ठेवून स्वस्थ बसण्याचा मार्ग धरला आणि सरकारला तो यत्न सोडावा लागला. गांधीजींनीं १९०९ सालीं हिंद स्वराज्यांत प्रतिकाराचें विवेचन करतांना, राजाच्या हुकुमावर रुष्ट होऊन गांव सोडून निघालेल्या रयतेची एक आठवण दिली आहे. अशा आठवणी पश्चिम हिंदुस्थानांत जागत्या होत्या.

काशीच्या प्रकरणांत आपल्याला करण्यासारखें काम अद्याप शिल्लक आहे. वर दिलेली सर्व हकीकत इंग्रजी पत्रव्यवहारावर उभी आहे. अर्ज व धर्मपत्री यांचा मजकूरहि आम्ही इंग्रजींतूनच वाचतों. पण ज्या घाटांवर त्या वेळीं शेंकडों दक्षिणी कुटुंबें राहत होतीं, तेथून पुणें, सातारा, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथें पत्रें जात होतीं. अन्नछत्रांचे जमाखर्च रोजच्या रोज मोडींत लिहिले जात होते. दुकानें बंद असतां छत्राचें धान्य कोठून आलें, लोहार-कहार कामास आले नाहींत त्या दिवशीं खर्चाच्या रकान्यांत काय पडलें, मोहल्ल्याच्या वर्गणींत दक्षिणी घरांनीं किती दिलें, या प्रश्नांचीं उत्तरें असतील तर अशाच कागदांत असणार. ज्यांच्या घरीं काशींतील वास्तव्याचीं जुनीं दफ्तरें असतील, त्यांनीं शके १७३२ च्या मार्गशीर्ष वद्यापासून माघअखेरपर्यंतच्या चोपड्या व पत्रांच्या फायली एकदां उघडून पाहाव्या. एखाद्या आजारी यात्रेकरूनें घरीं लिहिलेल्या पत्रांत, येथें सर्व बंद आहे, न्हावीहि मिळत नाहीं, एवढें एक वाक्य सांपडलें तरी तें आम्हांस हवें आहे.